हाडांसाठी रोजच्या पेयांचा हिशेब: कोकणातील घरांकरिता

चहाने हाडे झिजतात, आंबट प्यायल्याने सांधे धरतात, सोलकढी दुधासारखीच पौष्टिक असते आणि दूध पिणे हे लहान मुलांचे काम आहे, अशी मते रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने ऐकू येतात. यांपैकी एकही मत तपासणीत पूर्णपणे टिकत नाही. तरीही त्यांच्या भरवशावर काय प्यावे आणि काय टाळावे हे ठरवले जाते, आणि ज्या पेयांकडे खरोखर लक्ष द्यायला हवे ती तशीच राहून जातात. म्हणून हा हिशेब अंदाजाने न करता मापाने कसा करावा, ते येथे सांगितले आहे.

आधी गरज किती आहे ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्री-पुरुषांना दररोज १००० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे, आणि स्तनदा माता व पाळी बंद झालेल्या स्त्रिया यांच्यासाठी हा आकडा १२०० मिलीग्रॅम आहे. तेरा ते पंधरा वयाच्या मुलामुलींची गरजही १००० मिलीग्रॅमच आहे, कारण हाडांचा मुख्य साठा वयाच्या साधारण तिशीपर्यंतच जमतो आणि पुढे तोच पुरवून वापरायचा असतो. आहारातून कॅल्शियम कमी पडले की रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर ते हाडांमधून काढून घेते. ही उचल वर्षानुवर्षे चालू राहिली तरी दुखत-खुपत नाही. मनगट किंवा खुबा मोडला की मगच ती कळते.

चहातले दूध मोजून पाहा

सुरुवात चहापासून करावी, कारण दूध पोटात जाते असा समज घरोघरी चहामुळेच टिकून आहे. एक दिवस चहा करताना दूध थेट पातेल्यात न ओतता आधी मापाच्या भांड्यात घ्यावे. चार माणसांच्या चहाला बहुतेक घरांत दीडशे मिलीलीटरच्या आसपास दूध लागते, म्हणजे एका कपाच्या वाट्याला चाळीस मिलीलीटरसुद्धा येत नाही. गाईच्या किंवा म्हशीच्या शंभर मिलीलीटर दुधात साधारण १२० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, हे धरले तर एका कप चहातून ४५ मिलीग्रॅम मिळते. दिवसाचे तीन कप झाले तरी बेरीज १३५ वर थांबते. याउलट दोनशे मिलीलीटरचा एक पेला नुसते दूध घेतले तर एका वेळी २४० मिलीग्रॅम पदरात पडते. तेव्हा चहा पिणारा माणूस दूध पितो असे समजू नये.

आता चहावरच्या आरोपाचा विचार करू. चहा-कॉफीतील कॅफीनमुळे कॅल्शियमचे शोषण किंचित घटते आणि लघवीवाटे थोडे अधिक कॅल्शियम बाहेर जाते, हे खरे आहे. मात्र हे नुकसान इतके लहान आहे की एकदोन मोठे चमचे दूध त्याची भरपाई करून टाकते, आणि तेवढे दूध आपल्या चहात असतेच. वृद्ध स्त्रियांच्या काही पाहण्यांमध्ये तर चहा पिणाऱ्यांच्या हाडांची घनता न पिणाऱ्यांपेक्षा थोडी बरी आढळली आहे. चहाचे खरे नुकसान दोन ठिकाणी होते. एक म्हणजे भूक लागली की कपभर चहावर वेळ मारून नेली जाते आणि ताक, आंबील किंवा दूध यांची जागा तो घेतो. दुसरे म्हणजे जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातील लोहाचे शोषण अडवतो, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. कोरा चहा पिणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्यात कॅफीन तेवढेच असते आणि भरपाई करणारे दूध मात्र नसते, म्हणून दिवसभर कोऱ्या चहावर राहणाऱ्याने एक पेला ताक ठरवून घ्यावे. कॉफीच्या एका कपात चहापेक्षा सहसा जास्त कॅफीन असते. ती दोन-तीन कपांपलीकडे नेऊ नये, आणि गरोदर स्त्रियांनी याहूनही कमी घ्यावी.

दूध कोणते घ्यावे, यावर घरात फार वाद घालू नये. कॅल्शियम दुधाच्या पाणीदार भागात असते, सायीत नसते. त्यामुळे साय काढलेले, टोन्ड किंवा डबल टोन्ड दूधही कॅल्शियमच्या दृष्टीने मलईदार दुधाच्या बरोबरीचे आहे, आणि उकळल्याने ते कॅल्शियम उडूनही जात नाही. पाणी घातले की मात्र पाण्याच्या प्रमाणात ते घटते. कोकण कपिला ही इथली मूळची गाय लहान चणीची, डोंगरउतारावर आणि मुसळधार पावसात तगणारी असली तरी दूध बेताचेच देते. म्हणून अनेक गावांत पिशवीचे दूध घाटावरूनच येते आणि ते जपून वापरण्याची सवय जुनी आहे. ही काटकसर समजण्यासारखी आहे, पण ती करायचीच असेल तर चहाचा चौथा कप कमी करून करावी. पिशवी घेताना तिच्यावर निळे '+एफ' हे चिन्ह आहे का ते पाहावे. त्या दुधात अ आणि ड ही जीवनसत्त्वे मिसळलेली असतात.

ताक आणि नाचणीची आंबील

कोकणातील घराला हाडांसाठी कोणते पेय सुचवावे, असे विचारले तर मी पहिल्याने ताकाचे नाव घेईन. दह्यात दुधाइतकेच कॅल्शियम असते आणि लोणी काढून घेतले तरी ते ताकातच राहते. दीडशे ग्रॅम दह्याचे दोन पेले ताक केले तर प्रत्येक पेल्यात सुमारे ९० मिलीग्रॅम कॅल्शियम येते. त्याच दह्याचे चार पेले केले तर ते निम्म्यावर येते. खाणावळीत मिळणारे पांढरट पाणी या हिशेबात धरू नये. ज्यांना दूध प्यायल्यावर पोट फुगते किंवा ढाळ होते, त्यांनाही ताक बहुधा सोसते, कारण विरजणाच्या जीवाणूंनी दुधातील साखरेचा काही भाग आधीच पचवलेला असतो. मीठ मात्र बेताने घालावे. शरीरातून मिठातील सोडियम बाहेर जाताना आपल्याबरोबर थोडे कॅल्शियमही लघवीवाटे नेते. साधारण सहा ग्रॅम मिठामागे ४० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असे जाते. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, खारवलेली मासळी आणि वर खारट ताक, असे ताट झाले तर ही मर्यादा एका जेवणातच संपते.

आंबिलीचे महत्त्व याहून मोठे आहे. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिकवणाऱ्या कोकणाने तांदळापेक्षा कितीतरी मोलाचे धान्य गरिबाचे म्हणून मागे टाकले. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि पॉलिश केलेल्या तांदळात ते दहा मिलीग्रॅमच्या आगेमागे असते. नुकत्याच आजारातून उठलेल्याला तांदळाची पेज द्यावी, ती पोटाला हलकी असते. पण तिने हाडांना काही मिळते असे मानू नये.

चांगली आंबील करण्यासाठी एका माणसाला तीन सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण तीस ग्रॅम, नाचणीचे पीठ पुरते. रात्री ते पीठ पेलाभर पाण्यात दोन चमचे ताक घालून कालवावे आणि झाकून ठेवावे. सकाळी वर बारीक फेस आलेला असतो आणि किंचित आंबूस वास येतो. उन्हाळ्यात रात्र पुरते, थंडीत दुपारपर्यंत थांबावे लागते. दुसऱ्या पातेल्यात पेलाभर पाणी उकळायला ठेवून त्यात हे कालवण एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने सारखे ढवळावे, नाहीतर तळाशी गुठळ्या धरतात. सात-आठ मिनिटांत पिठाचा कच्चट वास जातो, रंग गडद होतो आणि आंबील डावाला पातळ थरासारखी लागून राहते. मग ती पूर्ण निवू द्यावी आणि त्यानंतरच दीडशे मिलीलीटर घट्टसर ताक मिसळावे, कारण गरम आंबिलीत ताक फुटते. जिरे, चिमूटभर मीठ, बारीक चिरलेला कांदा किंवा कोथिंबीर यांनी चव येते. अशा एका वाडग्यातून नाचणीचे सुमारे १०५ आणि ताकाचे ९० धरून दोनशेच्या जवळपास मिलीग्रॅम कॅल्शियम मिळते. रात्रभर आंबवण्याची वहिवाट केवळ चवीसाठी नाही. नाचणीतील फायटिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते, आणि आंबवल्याने किंवा मोड आणल्याने त्याचे प्रमाण घटते.

येथे नाचणीच्या सत्त्वाबद्दल सांगायला हवे. भिजवलेली, मोड आणलेली नाचणी वाटून ती फडक्यातून गाळतात आणि खाली बसलेला साका वाळवून सत्त्व करतात. ते पचायला सोपे असते, म्हणून लहान बाळांना आणि आजाऱ्यांना देतात. मात्र नाचणीचे पुष्कळसे कॅल्शियम तिच्या तांबूस सालीत असते आणि ती साल चोथ्याबरोबर बाजूला पडते. ज्यांना चावता आणि पचवता येते, त्यांनी अख्ख्या नाचणीचे पीठ वापरावे, आणि ते मैद्याच्या चाळणीने चाळू नये.

कुळथाची पिठीही याच रांगेत बसते. तीस ग्रॅम कुळथाच्या पिठातून ८० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि शिवाय प्रथिने मिळतात, आणि हाडांचा सांगाडा प्रथिनांवरच उभा असतो. पावसाळ्यात रात्री पातळ, गरम पिठी पिण्याची पद्धत चालू ठेवावी.

सोलकढी, कोकम, शहाळे

सोलकढी मला कोणाच्याही घरातून काढायची नाही. तिला फक्त दुधाच्या खात्यातून काढायचे आहे. खोबऱ्याच्या रसात स्निग्धांश भरपूर असतो, पण शंभर मिलीलीटरमध्ये कॅल्शियम वीस मिलीग्रॅमच्याही आत असते, आणि सोलकढीत तर तो रस पाण्याने वाढवलेला असतो. जेवणातली वाटीभर सोलकढी चवीसाठी, फार तर पचनासाठी घ्यावी. तिच्याबरोबरच्या ताटात काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी किंवा जवळा असेल तर कॅल्शियम तिथून येते, आणि खारवलेली सुकी मासळी असेल तर ती आधी दोन-तीन पाण्यांतून काढावी. सोलकढीत आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, वापरत असाल तर वेगळे मीठ घालण्यापूर्वी चव पाहावी, कारण आगळ मीठ घालूनच टिकवलेले असते.

आंबटाने हाडे विरघळतात किंवा सांधे धरतात, ही समजूत फार चिवट आहे. कोकम, लिंबू, चिंच आणि ताक यांतील आम्ले पोटातील आम्लापेक्षा कितीतरी सौम्य असतात, आणि रक्ताची आम्लता फुप्फुसे व मूत्रपिंडे इतक्या काटेकोरपणे सांभाळतात की सरबताच्या पेल्याने ती हलत नाही. आंबटाच्या भीतीने ताक सोडणाऱ्या वृद्ध स्त्रिया अनेक घरांत आढळतात. त्यांनी ते पुन्हा सुरू करावे. कोकम सरबताचा दोष त्यातल्या साखरेत असतो. अमृत कोकम पातळ करताना बाटलीवरील प्रमाणापेक्षा पाणी जास्त घ्यावे. युरिक आम्ल वाढून सांधे सुजत असतील तर दारू आणि गोड पेये आधी बंद करावीत.

शहाळ्याच्या पाण्यात शंभर मिलीलीटरमागे वीस-पंचवीस मिलीग्रॅम कॅल्शियम आणि त्याच्या दसपट पोटॅशियम असते. एका शहाळ्यातून ६०-७० मिलीग्रॅमपर्यंत कॅल्शियम मिळते, म्हणजे ते चहाच्या कपापेक्षा बरे आणि ताकाच्या पेल्यापेक्षा कमी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पोटॅशियममुळे ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये.

विहिरीच्या पाण्यावरही भिस्त ठेवू नये. जांभ्यातून झिरपून येणारे पाणी सहसा मृदू असते आणि त्यात कॅल्शियम थोडेच असते; पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राने तेही गेले तरी आहार नीट असल्यास बिघडत नाही. मुतखड्याच्या भीतीने दूध-ताक सोडू नये. आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या अन्नातील घटकाला, बांधून टाकते, त्यामुळे ते कमी केल्यास खड्याचा धोका उलट वाढू शकतो. पाणी मात्र भरपूर प्यावे, विशेषतः एप्रिल-मेच्या घामाच्या दिवसांत.

बाटलीतली पेये

कोलाबद्दल अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातून २००६ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता क्वचित पिणाऱ्यांपेक्षा कमी होती. पुरुषांत असा फरक दिसला नाही आणि इतर वायुयुक्त पेयांबाबतही दिसला नाही. त्यावरून कोलानेच हाडे झिजतात असे सिद्ध होत नाही, कारण कोलातील फॉस्फरिक आम्ल, कॅफीन किंवा दुधाची जागा कोलाने घेणे, यांपैकी नेमके काय कारणीभूत असेल हे अशा पाहणीतून ठरत नाही. तरी वाढत्या वयाच्या मुलींनी ते रोज पिऊ नये, एवढे सांगायला हा पुरावा पुरेसा आहे. गोटीसोड्यातील वायूने हाडांना काही होत नाही. डब्यातल्या 'ताकदीच्या' पावडरी बहुतांशी माल्ट आणि साखर असतात. वेष्टनावर एका मापातले कॅल्शियम वाचावे आणि त्यातले दुधाचे किती हे वेगळे करून पाहावे.

माडी, फेणी आणि परवान्याची दारू यांत हाडांच्या दृष्टीने फरक करण्याचे कारण नाही. ताजी माडी औषधी असते असे म्हणतात, पण झाडावरून उतरवलेला रस काही तासांतच फसफसू लागतो आणि त्यात मद्यार्क तयार होतो. नियमित आणि भरपूर मद्यपानाने नवे हाड तयार करणाऱ्या पेशी मंदावतात, ड जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा येतो आणि तोल जातो. आषाढात शेवाळलेल्या पाखाडीवरून रात्री घरी येणाऱ्या माणसाच्या बाबतीत तोल जाणे हेच सर्वांत तातडीचे कारण ठरते.

दिवस कसा मांडावा

पाळी बंद झालेल्या एखाद्या गृहिणीचा दिवस घेऊ. चार कप चहा, सकाळी तांदळाची पेज आणि दुपारी सोलकढी, असा दिवस असेल तर पेयांतून जेमतेम २०० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. त्याऐवजी दोन कप चहाचे ९०, आंबिलीच्या वाडग्याचे २००, दुपारच्या ताकाचे ९० आणि रात्रीच्या पेलाभर दुधाचे २४० असे मांडले तर ६२० होतात, आणि उरलेले निम्मे शेवग्याचा पाला, तीळ, कुळीथ व मासळी यांतून येण्याजोगे असते. सगळे एकाच वेळी घेऊन उपयोग नाही. एका बैठकीला पाचशे मिलीग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम आले की शोषणाचे प्रमाण घटते, म्हणून दिवसभरात वाटून घ्यावे.

ड जीवनसत्त्व नसेल तर यातले फारसे अंगी लागत नाही, आणि ते मिसळलेले '+एफ' चिन्हाचे दूध वगळता वरच्या कोणत्याही पेयात ते नावापुरतेच असते. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते, तेव्हा उन्हाची उघडीप मिळेल तेव्हा हात-पाय उघडे ठेवून अंगणात बसावे. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी दुधातून घेण्याचा सल्ला डॉक्टर देतात, तेव्हा ती आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. शेजारणीला दिलेली पुडी आपणही दररोज घेणे धोक्याचे आहे.

ज्यांना हाडांच्या ठिसूळपणावर ॲलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी दिली आहे, त्यांनी ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबरच घ्यावी आणि पुढचा अर्धा तास आडवे होऊ नये. चहा, दूध किंवा ताकाबरोबर घेतल्यास ती जवळजवळ वाया जाते आणि आडवे झाल्यास अन्ननलिकेला जखम होऊ शकते. थायरॉइडची गोळीही पाण्याबरोबर घेऊन चहासाठी अर्धा ते एक तास थांबावे, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्यावी. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नयेत. एक सकाळी घेतली तर दुसरी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी.